जशी आपली मर्जी

आश्रमशाळा, तालुका डहाणू
१४ जून १९५९

प्रिय कालिंदी,

आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला त्यांच्यामागून एक काम येतंय, तेव्हा पत्र बसून वाच.

आमच्या शाळेतली एक मुलगी यंदा एस.एस.सी. झाली. वारली आहे. या भागातल्या वारल्यांच्या पोरीनं इथवर मजल मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पटावर तिचं नाव बकुळा. तिला नर्स व्हायचंय, आणि हे खूळ मी तिच्या डोक्यात भरवलेलं नाही. तिची थोरली बहीण बाळंतपणात गेली, तेव्हा ही उशाशी बसून होती. त्यानंतर आठवडाभरानं माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, मला नर्स व्हायचंय. कुठं जाऊ?"

परळच्या एका मिशनच्या इस्पितळात डिसेंबरात मुली निवडतात. तिथली मेट्रन स्कॉटलंडची, त्यामुळे मुलाखत इंग्रजीत. बकुळाला इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, पण कुणी समोर उभं राहून बोललं की तिचं गाडं अडतं. तू गिरगावात इतकी वर्षं पोरींना इंग्रजी शिकवतेस आणि अप्पांचा तर सारा जन्म साहेबाच्या कचेरीत गेला. तुमच्या घराइतकी चांगली जागा मला सुचत नाही. डिसेंबरपर्यंत ठेवून घे.

आधीच सांगून ठेवतो. ती सगळ्यांना 'तू' म्हणते, मामलेदारालासुद्धा. त्यात उर्मटपणा नाही, त्यांच्या बोलीत तसंच आहे. आभार मानायचीही त्यांच्यात रीत नाही. आज तू दिलंस, उद्या ती देईल, मध्ये बोलायचं काय? हवं ते मागते, नको ते नको म्हणते. जंगलखात्याच्या गार्डानं तिच्या बापाची कुऱ्हाड उचलून नेली, तर ही त्याच्या दारात जाऊन "ती आमची आहे, दे" म्हणाली आणि घेऊन आली. तेव्हा रागावू नकोस.

तुझी आई, माझी मावशी, असती तर तिनं एका शब्दात हो म्हटलं असतं. तू निदान दोन शब्दांत म्हण.

हेमचंद्र

&nbsp;

गिरगाव
२ ऑगस्ट १९५९

ती. हेमदादा,

तुझी बकुळा सुखरूप आहे. आम्ही आहोत की नाही ते पत्र संपल्यावर तूच ठरव.

पहिल्या दिवशी उर्मिलावहिनीनं कौतुकानं तिला आमटी वाढायला घेतली, तर म्हणाली, "नको. आंबट आहे." वहिनीचा चेहरा असा झाला की आमच्या बंधुराजांना, मनमोहनला, उठून गॅलरीत जावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिला शाळेत नेलं. आमच्या हेडमास्तरीणबाईंनी प्रेमानं चौकशी केली, तेव्हा हिनं उलट विचारलं, "तू कुठं राहतेस?" मी जमिनीत जायचीच बाकी होते. पुस्तकं दिली तर घेऊन चालू पडते. 'थँक यू' म्हण म्हटलं तर विचारते, "का? तूच तर दिलीस."

अरे, मराठीत हे चालून जाईल, पण इंग्रजीत? इंग्रजी म्हणजे निम्मे शब्द आणि निम्मी अदब. मग अप्पांनीच सूत्रं हातात घेतली. निवृत्त झाल्यापासून त्यांना एवढं उत्साहात मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळचा चहा झाला की कोट चढवून आरामखुर्चीत बसतात, चष्मा नाकावर ओढतात आणि साहेब होतात. बकुळानं पायपुसण्यावर उभं राहायचं. "मे आय कम इन, सर?" हात समोर जुळवलेले, नजर साहेबाच्या बुटांवर. 'नो' कधी म्हणायचं नाही. 'आय वॉन्ट' हे तर तोंडातूनच काढायचं नाही. काय बोलावं सुचलं नाही तर सगळ्यावर चालणारं उत्तर एकच, "ॲज यू प्लीज." आणि निघताना साहेबाला पाठ न दाखवता मागं मागं जायचं. पहिल्या दिवशी मागं जाताना ती पाण्याच्या हंड्यावर आपटली आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. आता शेजारच्या सुनंदा आणि यशोदाकाकू संध्याकाळी मुद्दाम बघायला येतात. मनमोहन शिवाजी पार्कवरच्या सभेतून घोषणा देऊन घसा बसवून येतो आणि तसाच घोगऱ्या आवाजात तिला 'सर' म्हणायला लावतो.

परवा तिनं अप्पांना विचारलं, "पण मला काही हवं असलं तर कसं सांगू?" अप्पा म्हणाले, "सांगायचं नाही. साहेबाला कळतं." यावर तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. हट्टी आहे, पण हुशार आहे. महिन्याभरात निम्मी वठणीवर आलीय. डिसेंबरपर्यंत मड्डमसुद्धा तोंडात बोट घालील, बघशील तू.

कालिंदी

&nbsp;

आश्रमशाळा
११ ऑक्टोबर १९५९

प्रिय कालिंदी,

तुझं पत्र वाचून मीही हसलो. अप्पांचा कोट डोळ्यांपुढे आला.

बकुळाचं पत्र तिच्या बापाला आलं. त्याला वाचता येत नाही, म्हणून तो ते घेऊन माझ्याकडे आला. मी मोठ्यानं वाचलं. 'तीर्थरूप बाबांच्या चरणी बालके बकुळाचा शिरसाष्टांग नमस्कार. आपल्या कृपेने मी येथे कुशल आहे. आपली मर्जी असल्यास दिवाळीस येण्याचा विचार आहे.' शेवटी 'आपली आज्ञाधारक'. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कुणाचं आहे?" तुझ्या पोरीचं, म्हटलं. तो म्हणाला, "तिला यायचंय का नाय, ते सांग." पत्रात ते कुठंच नव्हतं.

मला हे जरा लागलं. पण मुंबईच्या नि साहेबी चालीरीतींतलं मला काय कळतं, असं म्हणून मी गप्प बसलो. तुम्ही त्यातले जाणते. तिचा फायदा होणार असेल तर थोडं वाकणं चालायचंच.

इकडे वेगळीच धामधूम आहे. डहाणू कुणाच्या वाटणीला जाणार यावरून आठवड्याला कुणी ना कुणी येतं. एक मंडळी येऊन सांगतात की वारली बोली मराठीच, दुसरी येऊन सांगतात की गुजरातीच. दोन्हीकडची माणसं ओसरीवर बसून माझा चहा पितात. अंगणात वारली उभे असतात, त्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही.

मुलाखतीची तारीख कळव.

हेमचंद्र

&nbsp;

गिरगाव
१९ डिसेंबर १९५९

ती. हेमदादा,

वाईट बातमी आहे. बकुळाची निवड झाली नाही.

मुलाखत मंगळवारी झाली. आम्ही तयारी करून घेण्यात काही कमी ठेवलं नव्हतं. नेमकं काय झालं ते सांगणं कठीण आहे. पोर बुजली असावी. पहिल्यांदाच गोऱ्या बाईसमोर उभी राहिली, तेव्हा तिला तरी काय दोष द्यायचा? शिवाय या बायकांच्या मनात आपल्या माणसांविषयी काय असतं ते तू जाणतोसच. राज्य गेलं तरी ताठा जात नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं मनमोहन तिला घेऊन येतोय. बरोबर तिळाच्या वड्या आणि माझी दोन जुनी पातळं दिली आहेत. माझी प्रकृती ठीक नाही, म्हणून इतकंच.

कालिंदी

&nbsp;

आश्रमशाळा
१० जानेवारी १९६०

प्रिय कालिंदी,

पत्राला उशीर केला, कारण रागात लिहायचं नव्हतं. राग गेलेला नाही, पण आता लिहितो.

बकुळा बुजली नव्हती. काय काय झालं ते मी तिला विचारलं आणि तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. मेट्रननं विचारलं, नर्स का व्हायचंय? ही म्हणाली, "इफ मॅडम थिंक्स आय ॲम फिट." रक्ताची भीती वाटते का? "ॲज मॅडम थिंक्स." दिवसपाळी आवडेल की रात्रपाळी? "ॲज यू प्लीज, मॅडम." शेवटी त्या बाईनं म्हणे पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, मुली, तुला स्वतःला काही हवं आहे का? आणि आपली बकुळा, जिनं गार्डाच्या दारातून कुऱ्हाड परत आणली, ती बुटांकडे बघत म्हणाली, "ॲज यू प्लीज." बाई म्हणाली की डॉक्टर चुकला तर त्याला तोंडावर सांगणारी मुलगी मला हवी, नाहीतर रोग्याचा जीव जाईल. मग ही मागं मागं चालत बाहेर आली.

त्या खोलीत भिंतीशी खुर्चीवर तू बसली होतीस, असं बकुळा म्हणते. मला ते तू का लिहिलं नाहीस?

आणखी एक. तुमच्याकडे संध्याकाळी शेजारणी जमायच्या आणि हसायच्या, ते तिला कळत होतं. मी म्हटलं, मग तू बोलली का नाहीस? तर म्हणाली, "नाय म्हणायचं नाय, असं शिकवलं ना."

मागच्या आठवड्यात गवताचा ठेकेदार गाडी घेऊन आला. कापणीला येतेस का म्हणून तिला विचारलं, आणि ती मान खाली घालून म्हणाली, "जशी आपली मर्जी." तिचा बाप तिथंच उभा होता. त्यानं ठेकेदाराला हाकललं आणि मग माझ्याकडे येऊन बसला. "गुरुजी, पोर शिकायला धाडली होती," एवढंच बोलला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. पाठवणारा मी, तिचं पत्र वाचून गप्प बसणाराही मीच. पण शिकवलंत तुम्ही.

हेमचंद्र

&nbsp;

गिरगाव
७ फेब्रुवारी १९६०

हेमदादा,

हो, मी खोलीत होते.

तुला लिहिलं नाही कारण लाज वाटली, आणि लाज वाटते हे कबूल करायचीही लाज वाटली. प्रत्येक 'ॲज यू प्लीज'ला मी खुर्चीत बसून मान डोलावत होते. सुरुवातीला अभिमानानं. मेट्रनचा चेहरा उतरत गेला, पण तेव्हाही मला वाटलं की पोर आवाज पुरेसा मऊ काढत नाही.

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस मी तुझ्यावरच चिडले. मग ट्राम पकडून परळला गेले. ठरवून गेले होते की बाईला चांगलं सुनवायचं. आमच्या मुलींना समजून घ्यायची तुमची कुवत नाही, वगैरे सगळं पाठ करून. तिनं बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. माझं काहीतरी बोलणं झालं. मला ते शब्दसुद्धा आठवत नाहीत, एवढे ते गुळगुळीत होते. तिनं विचारलं, "मी त्या मुलीवर अन्याय केला असं तुम्हाला वाटतं का?" साधा प्रश्न, हेमदादा. हो की नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, "दॅट इज फॉर मॅडम टु डिसाइड."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आता कळलं ती कुणाकडे शिकली ते." मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी मान लववली, थँक यू म्हटलं आणि निघाले. कशाबद्दल थँक यू, देव जाणे. जिन्यापाशी येईपर्यंत मी तिच्याकडे पाठ केली नव्हती, हे मला भिंतीला खांदा लागल्यावर कळलं.

वीस मुलींच्या वर्गात मी रोज इंग्रजी शिकवते. आजवर मला वाटत होतं की मी भाषा शिकवते. मी शिकवत होते नोकरी टिकवायची रीत. अप्पांना त्यांच्या हेडक्लार्कनं ती दिली, अप्पांनी मला, आणि आम्ही तिलाच सभ्यता म्हणत आलो. साहेब आपापसांत कसं बोलतात ते आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं. आम्ही ऐकलं ते फक्त त्यांच्याशी आपण कसं बोलायचं एवढंच. आणि ज्या पोरीला सरळ बोलता येत होतं, तिचं ते बोलणं खोडून काढायला आम्ही पाच महिने घेतले, वर शेजार गोळा केला. मनमोहन रोज मुंबई आमची म्हणून घसा फोडतो, मीही टाळ्या वाजवून येते, आणि घरी येऊन ही करमणूक.

अप्पांना मी सगळं सांगितलं. जरा तोडूनच सांगितलं, आता वाईट वाटतंय. मग ते म्हणाले, "एकदा साहेबानं मला विचारलं होतं. सुपरिंटेंडंटची जागा रिकामी आहे, घेणार का? मी म्हटलं, ॲज यू प्लीज, सर. त्यानं ती दुसऱ्याला दिली. तुझ्या आईला मी सांगितलं की साहेबानं माझ्यावर अन्याय केला." कोट अजून खुंटीला आहे, पण त्या दिवसापासून ते आरामखुर्चीत बसत नाहीत.

काल मी पुन्हा परळला गेले. या वेळी बसले. पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली. म्हटलं, "चूक माझी आहे. मी तिला चुकीचं शिकवलं. मला वाटतं, तुम्ही तिला परत बोलवावं." एवढी तीन वाक्यं इंग्रजीत बोलायला माझा जीव अर्धा झाला. बाई म्हणाली, एप्रिलमध्ये आणखी काही मुली घेणार आहे. पण अर्ज त्या मुलीनं स्वतः लिहायचा, तुम्ही हात लावायचा नाही.

मी बकुळाला लिहीन. अजून धीर होत नाही.

कालिंदी

&nbsp;

गिरगाव
२८ फेब्रुवारी १९६०

प्रिय बकुळा,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. माफी मागायला लागले की माझं लिहिणं नटायला लागतं आणि माफी कुठंतरी हरवते. म्हणून थोडक्यात लिहिते. आम्ही तुला चुकीचं शिकवलं. त्यापायी तुझी जागा गेली. आम्ही तुला हसलो, ते तर अगदीच वाईट केलं. मला माझी लाज वाटते.

परळच्या मेट्रनबाई एप्रिलमध्ये पुन्हा मुली निवडणार आहेत. तुझा अर्ज त्या वाचतील, पण तो तूच लिहायचा. कसा लिहायचा ते मी सांगणार नाही. हेमदादालाही मी लिहिलंय की त्यानं बोट लावू नये. तू गुरुजींच्या शाळेत पहिल्या दिवशी जशी बोलत होतीस म्हणतात, तसं लिही. इंग्रजी चुकलं तरी चालेल.

मुलाखतीला येशील तेव्हा आमच्याकडे उतर. शिकवणी होणार नाही, शेजारी येणार नाहीत. तुला आवडेल ते रांधू.

अर्ज करायचा की नाही ते तूच ठरव. जशी तुझी मर्जी, असं लिहिणार होते, पण हात थबकला.

कालिंदी

&nbsp;

गिरगाव
२४ एप्रिल १९६०

प्रिय बकुळा,

हेमदादाचं कार्ड आलं म्हणून कळलं की तू दोन आठवड्यांपूर्वीच परळला आलीस, मुलाखत झाली आणि तुला घेतलंसुद्धा. किती आनंद झाला म्हणून सांगू! अप्पांनी कार्ड दोनदा वाचायला लावलं. पण आम्हाला एका शब्दानं कळवलं नाहीस. मी रोज पोस्टमनची वाट बघत होते. असो, गडबडीत राहून गेलं असेल.

येत्या रविवारी, एक मेला, नवं राज्य होतंय. शिवाजी पार्कवर मोठा समारंभ आहे, रोषणाई होणार, गिरगावात घरोघरी गुढ्या उभारायचं चाललंय. तुमचं डहाणूही आपल्याकडेच राहिलं. मनमोहन तर वेडा व्हायचा बाकी आहे. तुम्हा मुलींना रविवारी सुट्टी असते ना? सकाळीच ये. आपण सगळे मिळून जाऊ. उर्मिलावहिनी आमटी आंबट करणार नाही, असं तिनं मुद्दाम सांगायला सांगितलंय. अप्पांना तुझ्याशी काही बोलायचंय.

काम नसलं तर नक्की ये. मनमोहनला घ्यायला पाठवू का?

कालिंदी

&nbsp;

परळ
२८ एप्रिल १९६०

कालिंदीबाई,

तुझं पत्र मिळालं. तुला 'तू' लिहिते. इथं इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' आहे, मेट्रनबाईंना आणि झाडूवालीला तेच. मला ते बरं वाटतं. आमच्या घरच्यासारखं आहे.

मुलाखत अशी झाली. बाईंनी विचारलं, मागच्या वेळी तू सगळ्याला ॲज यू प्लीज म्हणालीस, आज काय म्हणणार? मी म्हटलं, आज मला जागा पाहिजे. रक्ताची भीती वाटते का? वाटते, पण पळत नाही. डॉक्टर चुकले तर? सांगेन. त्यांनी ऐकलं नाही तर? परत सांगेन. मग बहिणीचं विचारलं. तेव्हा मला इंग्रजी शब्द सापडेना. तोंडात प्लीज मॅडम आलं होतं, ते बाहेर काढलं नाही. बाई थांबल्या. मग मी मराठीत सांगितलं की तिथं सुईण होती, नवरा होता, सासू होती, आणि ती मरते आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण डॉक्टरला बोलवा असं कुणी म्हणालं नाही. मीपण नाही. बाईंना थोडं मराठी येतं. त्यांनी लिहून घेतलं.

काम अवघड आहे. ते मला आवडतं. तुम्ही शिकवलेलं अजून गेलेलं नाही. काल वॉर्डातल्या सिस्टरनं विचारलं, चहा घेणार का? माझ्या तोंडून ॲज यू प्लीज निघालं. मला चहा हवा होता. तिनं आणला नाही.

तुझ्या फेब्रुवारीतल्या पत्राला उत्तर दिलं नाही, ते गडबडीत राहिलं नाही. मी दिलं नाही. तू लाज वाटते लिहिलंस. ते खरं आहे हे मला कळलं. पण ते वाचून मी तुला काहीतरी बरं लिहावं असं तुला वाटत होतं, तेही कळलं. माझ्याजवळ लिहायला काही नव्हतं.

रविवारी मला सुट्टी आहे. काम नाही. खोलीतल्या मुली म्हणाल्या, ड्यूटी आहे असं लिही, म्हणजे वाईट दिसणार नाही. मी तसं लिहीत नाही. मनमोहनला पाठवू नको. अप्पांना जे बोलायचंय ते त्यांनी घरी तुमच्याशी बोलावं.

मी येणार नाही. मला यायचं नाही.

बकुळा